बस्त्यावच्या जीपला हवेचा पंप

त्या दिवशी बोरिवलीत झाडाचं पान हलत नव्हतं. दसरा होऊन गेलेला, ऑक्टोबरचं ऊन, आणि डांबर इतकं पातळ झालेलं की गॅरेजसमोरून जाणाऱ्या एका बाईची चप्पल रस्त्यालाच चिकटून राहिली. बाई दोन पावलं पुढे गेली, मग मागे येऊन चप्पल उपटून घेऊन गेली. एरवी खाडीकडून थोडा वारा येतो, तोही त्या दिवशी रजेवर होता. आम्ही दोघं, म्हणजे गॅरेजचे मालक भाऊ तावडे आणि मी, बाकड्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होतो. तेवढ्यात बस्त्यावची जीप आली. बस्त्याव उतरला, डोक्यावरची हॅट काढली आणि म्हणाला,

"भाऊ, मना हवा पायजे."

भाऊंनी हातातला पुठ्ठा त्याच्यापुढे धरला. "घे बाबा. बोरिवलीत आज एवढीच शिल्लक आहे!"

गॅरेजमध्ये किस्से कसे जमतात ते सांगतो. आमच्याकडे तुपाचा एक मोठा रिकामा डबा होता. गाडी उघडली, दुरुस्त केली, परत जोडली की एखादा नट हातात उरतोच. कुठला ते कळत नाही, गाडी तर चालतेय, आणि टाकवत नाही. मग तो डब्यात. किस्से तसेच. गाडी जाते, गिऱ्हाईक जातं, किस्सा डब्यात राहतो. माझ्या डब्यातला निम्मा माल त्या एका जीपचा आहे.

*

आधी बस्त्यावला हवा कशाला पाहिजे होती ते सांगायला हवं.

बस्त्याव गोराईकडचा. तिथल्या एका वाडीत त्याचं घर, थोडी शेती, आणि ही लष्कराच्या लिलावातली डाव्या स्टिअरिंगची जुनी जीप. तिच्यातून तो भाजी न्यायचा, मासळी न्यायचा, कधी माणसंही. त्याच्या वाडीतून चर्चला जायचं तर तेव्हा धड रस्ता नव्हता. मधे दर्याकाठची वाळू लागायची. आता वाळूत गाडी चालवायची असेल तर टायरातली हवा काढून टाकावी लागते. टायर भाकरीसारखा पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगत जाते. पण वाळू संपली की खडीचा रस्ता. तिथे तसाच मऊ टायर घेऊन गेलात तर टायर फाटलाच. म्हणजे परत हवा भरा. आणि हवा मिळणार कुठे, तर भाईंदरला वळसा घालून!

थोरल्या मुलीच्या लग्नात बस्त्याव म्हणाला, कोण काढा-घाला करत बसणार. हवा न काढताच जीप वाळूत घातली. अर्ध्यावर जीप रुतली ती रुतलीच. नवरी हातात सँडल घेऊन, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या फ्रॉकनं चालत चर्चला पोचली. तेव्हापासून वाडीत कुणाचंही काम अडलं की लोक म्हणायचे, "झाली बस्त्यावची वरात!"

आता धाकटीचं, रोझीचं, नाताळ झाल्यावर लग्न होतं.

"मना जीपमदीच हवेचा पंप बसवून दे," बस्त्याव म्हणाला. "वाळूत हवा सोडीन, वाळू सरली का भरीन. माजी रोझी चर्चच्या दारात कोरडी उतरली पायजे. बाकी मना काय नको."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी विचार करत होतो. मला विचार करायला वेळ लागतो.

"नाना," भाऊ म्हणाले, "तू जन्माला येतानाच हँडब्रेक ओढून आलास! बोल की, जमेल?"

"बघू," मी म्हटलं.

"झालं! नाना 'बघू' म्हणाला म्हणजे काम घेतलं!"

*

पंप आणायला आम्ही कुर्ल्याच्या भंगारात गेलो. आमच्या डोक्यात असं की परदेशी मोटारीतल्या एसीचा कॉम्प्रेसर घ्यायचा. तो गॅस दाबतो. त्याला गॅसऐवजी हवा दाबायला लावायची, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरवायचा, हवा एका टाकीत साठवायची आणि तिथून पाइपनं टायरात सोडायची. सांगायला एका श्वासात होतं.

भंगारवाला म्हातारा होता, फार गोड बोलायचा. म्हणाला, "फॉरेन का माल है सेठ. गाडी गल गई, गाडी का मालिक गुजर गया, ये अभी तक जवान है."

भाऊ म्हणाले, "चलता है क्या?"

"मुंह इधर लाओ," म्हातारा म्हणाला, "और सुनो."

भाऊंनी कान लावायचा तर तोंडच पुढे केलं. म्हाताऱ्यानं चाक गरकन फिरवलं. पंपातून एक मोठा आवाज आला, माणसांत करू नये असा, आणि काळ्या तेलाची पिचकारी थेट भाऊंच्या मिशीत!

भाऊंनी मिशी पुसली, तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, "झकास! दाब आहे! घेतला!"

येताना बसमध्ये भाऊंनी तो पंप वर्तमानपत्रात गुंडाळून पोटाशी धरला होता, जावळ काढायला बाळ न्यावं तसा. बसमध्ये मरणाचं उकडत होतं. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे ओ हे एवढं?"

भाऊ ऐटीत म्हणाले, "एसी आहे. फॉरेनचा."

कंडक्टर म्हणाला, "मग लावा ना यार! माणसं मरतायत इथे!"

*

पंप चढवला. खाटेचे जुने अँगल कापून त्याला बैठक केली, बसची एक जुनी हवेची टाकी मागच्या सीटखाली बसवली, पाइप ओढले. आता दाब फार झाला तर हवा आपोआप सुटून जायला हवी, नाहीतर टाकी फुटेल. त्यासाठी व्हॉल्व लागतो. रविवार, दुकानं बंद. भाऊंचं घर गॅरेजच्या पाठीमागेच. ते आत गेले आणि माळ्यावरच्या जुन्या कुकरची शिट्टी घेऊन आले.

"हा काय व्हॉल्वच आहे," भाऊ म्हणाले. "कुकर फुटतो का कधी? मग टाकी कशी फुटेल!"

बरोबर वाटलं. शिट्टी बसवली, इंजिन चालू केलं. पंप छान हवा दाबायला लागला. पण शिट्टी ती कुकरची. थोडा दाब झाला की लगेच वाजायची. टायर भरायला लागतो त्याच्या अर्धासुद्धा दाब होऊ देईना. भाऊ म्हणायचे, "परत बघ," मी परत बघायचो, शिट्टी परत वाजायची.

त्या दिवशी भाऊंचे साडू जेवायला होते. घरात वहिनींनी नव्या कुकरमध्ये मटण लावलेलं. वहिनी बाहेरच्या ओट्यावर नारळ खवत बसलेल्या. त्यांनी नेहमीसारख्या शिट्ट्या मोजल्या आणि आत जाऊन गॅस बंद केला.

पानं वाढली. साडूंनी पहिला तुकडा तोंडात घातला. या गालातून त्या गालात नेला. परत या गालात आणला. शेवटी ते भाऊंना म्हणाले,

"भावजी, ह्यां मटान बकऱ्याचां काय टायराचां?"

*

मग खरा व्हॉल्व आणला. सगळं जागच्या जागी बसलं. आम्ही दोघं लांब उभे राहून कौतुकानं बघत होतो. इंजिनाच्या बाजूला तो परदेशी पंप असा शोभत होता! भाऊ म्हणाले, "चल नाना, बॉनेट लाव. गाडी धुऊन टाकू."

मी बॉनेट खाली केलं. ते खाली येईना.

म्हणजे असं झालं होतं, आम्ही इतके दिवस काम केलं ते बॉनेट उघडं ठेवून. काम करायचं तर बॉनेट उघडंच असणार! ते कधीतरी लावायचं असतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. पंपाचं डोकं चांगलं वीतभर वर आलेलं. भाऊ बॉनेटवर बसले. मग मला म्हणाले तूही बस. आम्ही दोघं बॉनेटवर शेजारी शेजारी बसलो. बॉनेट काही खाली गेलं नाही, पण समोरून जाणाऱ्या दोघांनी विचारलं, "भाऊ, मिरवणूक कुठे निघाली?"

पंप खाली घ्यायचा तर बैठकीपासून सगळं नवं करायला हवं. भाऊंना धीर नव्हता. त्यांनी बॉनेटला भोक पाडलं, पंपाचं डोकं वर काढलं, आणि त्यावर पाऊसपाणी पडू नये म्हणून वहिनींचा ॲल्युमिनियमचा टोप पालथा घालून चार स्क्रूंनी बसवून टाकला. वर रंग मारला. लांबून बघितलं तर लष्कराचं काहीतरी खास वाटायचं.

वहिनी संध्याकाळी टोप शोधत बाहेर आल्या. त्यांनी जीपकडे बघितलं. टोपाचा कान बॉनेटच्या बाहेर आलेला होता, तो त्यांनी ओळखला.

"शिटी न्हेलात, टोप न्हेलात," वहिनी म्हणाल्या. "आता शेगडी पण घेवन जावा, आनि रांधा थंयच बॉनेटात!"

*

दाब दाखवायला एक काट्याचं घड्याळ लावलं होतं, तेही भंगारातलंच. उन्हानं त्याचे आकडे उडून गेले होते. आकडे असते तरी मला ते वाचता कुठे येतात म्हणा. पण भाऊंना सांगायचं कसं, काटा कुठे आहे ते? मग मी आपला सोपा हिशोब केला. काटा अगदी खाली म्हणजे चर्चगेट, अगदी वर म्हणजे विरार. मधली स्टेशनं मला तोंडपाठ होतीच. वाळूवर जाताना टायर वांद्र्याला ठेवायचा. खडीच्या रस्त्याला मालाड. टाकी बोरिवलीपर्यंत भरायची. दहिसर दिसलं की इंजिन बंद करून लांब पळायचं.

हे सगळ्यात आधी रोझीनं पाठ केलं. ती दर रविवारी बापाबरोबर यायची, आमच्यासाठी बोंबलाचं कालवण नाहीतर डुकराचं लोणचं घेऊन. भाऊ लोणचं वहिनींच्या नकळत गॅरेजमध्येच संपवायचे. पोरगी हुशार. पाइपाच्या तोंडाला एक खोड होती. ते जरा पिळून, वरून अंगठ्यानं दाबून धरलं तरच हवा आत जायची, नाहीतर सगळी बाहेर. भाऊंना ते शेवटपर्यंत जमलं नाही. रोझीला पहिल्या रविवारी जमलं.

एकदा एक गिऱ्हाईक स्कूटरसाठी बाकड्यावर थांबलं होतं. मी बॉनेटखाली. भाऊ मागून ओरडले, "नाना, कुठे पोचलास?"

"अंधेरी!"

"मालाड आलं की सांग!"

"आलं आलं! मालाड गेलं!"

"थांबू नको, कांदिवली जाऊ दे! बोरिवलीला बंद कर!"

गिऱ्हाईक उठलं. हळूच जीपला एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, माझ्या बाजूला येऊन बॉनेटमध्ये डोकावलं आणि मला विचारलं,

"ओ, यात चढतात कुठून?"

*

नवऱ्या मुलाकडची माणसं वाकोल्याची. मुलगा साधा, अबोल. पण त्याचे एक काका होते. जहाजावर नोकरी करून आलेले. त्यांना सगळे अंकल म्हणायचे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा! ते एका रविवारी जीप बघायला गॅरेजमध्ये आले. क्रीम रंगाचा सूट, पांढरे बूट. आमच्याकडे पांढरे बूट घालून आलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

भाऊ त्यांना बघून इतके खूश झाले की काय करू आणि काय नको. चहा सांगितला. स्वतःच्या रुमालानं बाकडं पुसलं. मग त्यांना अंकलच्या पाठीवर थोडी धूळ दिसली. गॅरेजातली माणसं अंग झाडायची झाली तर हवेच्या पाइपानं झाडतात, तशी आमची रीतच आहे.

"अंकल, जरा पाठ करा," भाऊ म्हणाले. "पंप पण बघून होईल."

आणि त्यांनी पाइप सोडला.

पंप एसीचा. तो स्वतःला तेल लावत लावत चालतो, आणि हवेबरोबर थोडं तेलही बाहेर टाकतो. टायराला काही बिघडत नाही. क्रीम रंगाच्या सुटाला बिघडतं. खांद्यापासून खालपर्यंत बारीक काळे ठिपके उमटले. भाऊ पाइप धरून तसेच उभे.

"कैसा है?" अंकलनी विचारलं. त्यांना मागचं दिसत नव्हतं.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी विचार करत होतो.

रोझी म्हणाली, "अंकल, थंड वाटला ना?"

अंकलनी मागे हात फिरवला. हात बघितला. मग टोपाकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं, आणि बस्त्यावकडे वळले. "या पिचकारीत बसून आमची सून चर्चला येणार? नो, नो. मी माझ्या दोस्ताची गाडी सांगतो. इम्पोर्टेड. व्हाइट."

बस्त्याव म्हणाला, "पोर बापाच्या दारातून बापाच्या गाडीतून जायल."

"आणि तुमची जीप परत रुतली तर? मोठीच्या वेळेसारखी?"

रोझी खाली बघायला लागली.

"रुतली तर," अंकल म्हणाले, "सगळ्यांसमोर मुलगी जीपमधून उतरून आमच्या गाडीत बसेल. कबूल?"

बस्त्यावनं हॅट काढली, परत घातली. "कबूल."

अंकल गेले. ते पाठमोरे झाल्यावर एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. बस्त्याव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नाना, रुतणार नाय ना रे?"

मला खोटं बोलता येत नाही आणि खरं माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पट्टा अजून एकदा बघतो."

*

जीप द्यायचा दिवस आला. आमच्याकडची गाडी नारळ फोडल्याशिवाय आणि चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय बाहेर पडत नसे. बस्त्यावनं पाद्रीबाबांकडून पाणी आणून जीपवर आधीच शिंपडलं होतं. तो म्हणाला, "तुमचा पण करा. दोन्हीकडून असलेला बरा."

भाऊंनी चारी चाकांपुढे लिंबं ठेवली, उदबत्ती ओवाळली. वहिनी, रोझी, शेजारचा टेलर, सगळे बघायला उभे. बस्त्यावनं क्रूस केला आणि जीप पुढे घेतली. चाकं लिंबांवरून गेली.

लिंबं जशीच्या तशी!

आधीच चाचणीसाठी टायर वांद्र्याला आणून ठेवले होते, मऊ केलेले. खाली आमच्या अंगणातली भुसभुशीत माती. लिंबं नुसती मातीत दबली आणि पिवळीधमक वर बघत राहिली.

भाऊंचा चेहरा उतरला. "लिंबू फुटलं नाही? असं कधी झालं नाही! मागे घे, मागे घे!"

जीप मागे आली. लिंबं तशीच. टेलर हळूच घरी निघून गेला, असल्या ठिकाणी थांबू नये म्हणून. बस्त्यावनं परत क्रूस केला, या वेळी जरा मोठा.

तेव्हा रोझी म्हणाली, "डॅडी, घाबरतस कशाला? लिंबू दबला नाय, मंग वाळू कशी दबल? ही तर चांगली गोस्ट हाय!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. बस्त्यावच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"ते तुझं खरं," भाऊ म्हणाले. "पण देवाला मी काय सांगू?"

मग पंप चालू करून टायर मालाडपर्यंत भरले, लिंबांखाली फरशीचे तुकडे घातले, आणि देवाचं काम देवाला पोचवलं. दोन लिंबं तेवढ्यात वहिनींनी उचलली होती. भाऊ म्हणाले, "अगो, ती देवाची!"

"देवाक दोन पुरे," वहिनी म्हणाल्या. "माका सरबताक व्हयी."

*

लग्नाला भाऊ आणि मी दोघंही गेलो. मी धुतलेला शर्ट घालून मागे टाकीवरच्या सीटवर बसलो, मांडीवर हत्यारांची पेटी. समोर भाऊ. मधल्या सीटवर पांढरी चादर अंथरून त्यावर रोझी, पांढरा झगा, पांढरे हातमोजे. शेजारी तिची मावशी. पुढे बस्त्याव, काळ्या सुटात, चेहरा पांढराफटक.

वाळू आली. बस्त्यावनं उतरून चारी टायरांची हवा सोडली, वांद्र्यापर्यंत. परत बसला आणि जीप वाळूत घातली. भरती यायला लागली होती. जीप निघाली ती काय सांगू, होडीसारखी. थोरलीच्या लग्नात जिथे रुतली होती ती जागा आली. बस्त्यावनं स्टिअरिंगवरचा हात सोडून क्रूस केला. जीप एकदम हेलकावली.

मावशी ओरडली, "आरे मेल्या, देव बघते पुढं! तू गाडी बघ!"

ती जागा मागे गेली. मला बस्त्यावची मान दिसत होती. ती जरा सैल झाली.

आणि मग पुढे पांढरी मोटार दिसली. नवऱ्याकडची मंडळी आदल्या दिवसापासून वाडीच्या पलीकडे एका ओळखीच्यांच्या बंगल्यात उतरली होती. त्यांनाही चर्चला हीच वाट. इम्पोर्टेड गाडी पोटापर्यंत वाळूत गेलेली. बाहेर अंकल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पांढरे बूट. आत नवरा, मांडीवर फुलांचा गुच्छ. दर्या दहा-बारा हातांवर आलेला.

बस्त्यावनं जीप थांबवली. भाऊ माझ्या कानात म्हणाले, "आता बघ, बस्त्याव कसा हाणतो ते!"

बस्त्याव उतरला. अंकलजवळ गेला. म्हणाला, "अंकल, बूट गाडीत ठेवा. भिजतील."

मावशीनं ओरडायला सुरुवात केली. चर्चच्या आधी नवऱ्यानं नवरीचं तोंड बघायचं नाही! तिनं रोझीच्या खालची चादर ओढून काढली आणि भाऊंना दुसरं टोक धरायला लावलं. आमच्यात अंतरपाट धरतात तसा दोघांनी तो दर्याकाठी धरला. मोटारीची हवा सोडली, दोर बांधला, नवऱ्यानं उतरून धक्का दिला, जीपनं ओढलं, आणि मोटार बाहेर आली. ओढत ओढत वाळू संपेपर्यंत नेली. पुढे खडी. आधी जीपचे टायर भरायला घेतले, तर त्या ओढाताणीत पंपाची बैठक सरकलेली. पट्टा घसरत होता. मी पहारीनं पंप दाबून धरला. बस्त्यावला इंजिन रेस करत आत बसावं लागलं. भाऊंच्या हातात चादर. पाइप धरायला कोण?

"मी धरतो," अंकल म्हणाले. पाइपातून हवा सुटली आणि तो हातातून निसटून नागासारखा फणा काढून नाचायला लागला. अंकल पळाले.

"डॅडी," रोझी म्हणाली, "मी उतरते."

"बस गप!" मावशी म्हणाली. "फ्रॉक?"

रोझीनं हातमोजे काढून मावशीच्या खांद्यावर टाकले, झगा गोळा करून कोळणीच्या लुगड्यासारखा खोचला, आणि पाइप पकडला. पिळून, अंगठा दाबून. जीपचे चारी टायर झाले. मग मोटारीकडे वळली. या बाजूला रोझी चाकाशी बसलेली, मधे चादर, पलीकडे नवरा. एक चाक झालं की चादर पुढे सरकायची, नवरी पुढे, नवरा पुढे. असं करत तिघं मोटारीभोवती अख्खी फिरली. आमच्यात सात लागतात. त्यांचं एकात भागलं.

मधेच नवऱ्यानं चादरीपलीकडून विचारलं, "मावशी, हवा कोण मारतंय?"

"तुजी बायको," मावशी म्हणाली. "आजून व्हायची हाय. तवर गप ऱ्हा!"

निघताना अंकल मोटारीत बसले नाहीत. जीपजवळ येऊन उभे राहिले आणि बस्त्यावला हळू आवाजात म्हणाले, "जागा आहे का?" ते माझ्या शेजारी टाकीवर बसले, बूट छातीशी धरून.

चर्चच्या दारात बस्त्यावनं रोझीला हात देऊन उतरवलं. खाली वाकून आधी तिच्या बुटाचा तळ बघितला. कोरडा होता. मग तो तिथेच पायरीवर बसला आणि असा रडला की बँडवाल्यांना वाटलं सुरू करायची खूण झाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

आत रोझीच्या बोटांना तेल होतं. अंगठी न ढकलता सर्रकन गेली.

मी संध्याकाळी केकचा तुकडा घेऊन चाळीत परत आलो. गॅलरीत शेजारच्या शेवंतीबाई गावडे सुपात वाल सोलत बसल्या होत्या. मागे खुर्चीत गावडे पेपर वाचत. गावडे माणूस वाईट नाही, पण मी शेजारी राहायला आल्यापासून त्यांच्या तोंडून बायकोसाठी "चहा" याच्यापुढे शब्द ऐकलेला नाही. मी केक दिला आणि सगळी हकिगत सांगितली. मोटार कशी रुतली, दर्या कसा आला, नवरीनं खाली बसून हवा कशी भरली. मला सांगायला वेळ लागतो. माझं सांगून होईपर्यंत त्यांचे वाल सोलून झाले.

पेपरामागून आवाज आला, "चहा."

शेवंतीबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, आणि मला म्हणाल्या,

"नाना, माझ्या लग्नात ह्यांची गाडी अशी रुतली असती ना, तर मी पण पाइप घेऊन बसले असते हो. पण आधी भरती पुरी होऊ दिली असती."